पाकटाच्या जळवा आणि माझं गोडं पाणी

निघायचं होतं पिशोरला मित्राच्या मळ्यावर, पोचलो हर्णैच्या बंदरावर. माझं हे नेहमीचंच. मावसबहीण सुजाताताईचा फोन आला, की समुद्रावर चाललेय, बाटल्या धरायला माणूस पाहिजे. लगेच पिशवी भरली.

ताई संभाजीनगरात प्राणिशास्त्रात पीएचडी करते. समुद्री माशांच्या रक्तात, लाल पेशींच्या आत, बारीक परजीवी राहतात. एका माशातून दुसऱ्यात ते जळू नेते, असा तिचा अंदाज. माशाचं रक्त तिच्याकडं होतं, जळू नव्हती, आणि ती जिवंतच लागते. दोन खेपा रिकाम्या गेलेल्या. प्रबंधाची मुदत तोंडावर, म्हणून ही शेवटची. समुद्रापासून इतक्या लांब बसून समुद्राचा अभ्यास कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, मिलिंद, तू बारावीला दोनदा बसलास तेव्हा मी विचारलं का?

पुण्यापर्यंत ट्रॅव्हल्स, स्वारगेटवरून दापोलीची एसटी, पुढं रिक्षा. घाटात मळमळत असेल तर पुढची सीट धरा. आम्ही एका तांडेलकाकांच्या घरी उतरलो. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. खोली आठशे, बांगड्याची थाळी दोनशे, सोलकढी काकू मागाल तेवढी वाढतात.

बंदरावरच्या माशांच्या लिलावात जळू मिळत नाही, हे ताई आधीच्या खेपांत शिकली होती. मासा मेला की ती सुटते, राहिलीच तर खलाशी खरवडून टाकतात. म्हणून काकांनाच सांगून ठेवलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी तीन जळवा बाटलीतून आणल्या, पाकटाच्या अंगावरच्या. पाकट म्हणजे चपटा, लांब शेपटीचा मासा. ताई बर्फ आणायला गेली. जाताना मला एवढंच म्हणाली, पाणी बदल.

संभाजीनगरात आमच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. पाहुण्याला जारचं पाणी देणं हा आमच्याकडं मान. बाटलीतलं पाणी गढूळ, वास मारणारं. मी ते ओतून दिलं, वीस रुपयांची सीलबंद बाटली फोडून जळवांना दिली आणि सुवर्णदुर्ग बघत किनाऱ्यावर भटकलो. परत आलो तर तिन्ही फुगून मऊ पडलेल्या.

ताई ओरडली नाही. बाटली घेऊन पायरीवर बसली. ओरडली असती तर लई बरं झालं असतं.

काकांनी वाकून बघितलं. "गोडं पाणी घातलंस? खाऱ्यातला जीव तो, बाबा." मग ताईला म्हणाले, "उद्या पाकटाचीच जाळी टाकतो. ह्याला नेतो संगतीला. जरा मीठ लागू दे."

त्यांना एकच शंका होती, ह्यानं माणसाला काही होतं का. हे माशाचं माशापुरतंच, असं ताईनं समजावलं. तरी बोटीचं नाव कुठं घालू नका, गिऱ्हाईक घाबरतं, म्हणाले. म्हणून इथं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी बोटीवर मी दोनदा ओकलो. पहिल्या पाकटावर काही नाही, दुसऱ्यावर नाही. खलाशी चिडवत होते, जळूवाले, तुमच्याकडं ह्यांचं लोणचं घालतात का? पण प्रत्येक पाकट माझ्यासाठी उलटा करून धरत होते, स्वतःचं काम थांबवून. पाचव्याच्या कल्ल्यांच्या फटींजवळ दोन सापडल्या, करंगळीएवढ्या, अंगावर गाठी गाठी. बाटली समुद्रातच बुडवून भरली. किनाऱ्यावर ताईनं त्याच पाकटाचं रक्त काचेवर पसरलं.

येताना पाच लिटरचा कॅन भरून समुद्र घेतला. संभाजीनगरपर्यंत बाटली बर्फाच्या डब्यात, डबा माझ्या मांडीवर. पाणी तीनदा बदललं, दरवेळी ताईला विचारून.

परतल्यावर चौथ्या दिवशी मी वाळूजला होतो. ताईचा फोन आला, ये. एका जळूत काही निघालं नव्हतं. दुसरीतलं तिनं मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. आधी पाकटाचं रक्त, लाल पेशीत जांभळा स्वल्पविराम, तोच परजीवी. मग जळूच्या पोटातले तसलेच, पुष्कळ.

तिनं काकांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही चाकूनं खरवडून टाकत होतो, ते हे?" मग विचारलं, "अजून पाहिजेत?"

"पाहिजेत," ताई म्हणाली. "मिलिंदलाच पाठवते."

आजवर मी काम बिघडवलं की लोकांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. त्यांचं चुकलं असंही नाही. ह्या दोघांनी तेच काम परत माझ्याच हातात दिलं. हर्णैहून मी काय आणलं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगतो.