कर्णिकबाईंनी शिकवलेलं गप्प बसणं

कर्णिकबाई व्याख्यानाला आल्या की केटररला भांड्यांवरची झाकणं काढू द्यायच्या नाहीत. डोंबिवलीतल्या आम्हा डॉक्टरांच्या सभेत हा छळ आम्ही कितीदा तरी सोसला. त्या मानसोपचारतज्ज्ञ, दवाखाना ठाण्यात खोपटला, आणि विषय ठरलेला: गरोदरपणातलं आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य. बरं, सरळ भाषण करून जातील तर शपथ. आम्हाला नाटक करायला लावायच्या. एकदा मला, टक्कल पडलेल्या बालरोगतज्ज्ञाला, मांडीवर उशी देऊन बाळंतीण केलं. समोर स्त्रीरोगतज्ज्ञ फडके. त्यांनी नेहमीच्या वेगात विचारलं, "झोप होते ना? जेवण जातं ना? छान, छान."

"फडके, प्रश्न तुमचा, उत्तरही तुमचंच," बाई म्हणाल्या. "ती बिचारी बोलली कुठे? विचारलंत ना, मग आता तोंड मिटून बसा."

फडके बसले. पनीर गार झालं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण ऐन ओपीडीत फोन यायचा. "आज कुणाला विचारलंत का?"

"बाई, मी मुलांचा डॉक्टर. आणि बाहेर रांग आहे."

"असू दे रांग. बाळंतीण माझ्याकडे येत नाही हो, वेड्यांची डॉक्टर म्हणून. बाळाच्या लसीला तुमच्याकडे मात्र येते. सोबतच्यांना बाहेर बसवा, विचारा आणि थांबा."

मी मनातल्या मनात कोपरापासून हात जोडायचो.

एकदा दिवा गावाहून एक तरुण आई दीड महिन्याच्या बाळाला घेऊन आली. सोबत सासू. बाळ गुटगुटीत. लस दिली. आता बाईंचा फोन येणार, या वैतागानेच मी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं. "मी काय परकी आहे?" असं पुटपुटत त्या गेल्या.

"तुला कसं वाटतंय?"

"बरंय."

मी थांबलो. ती बाळाच्या टोपीची नाडी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर, मी नसले तरी वाढेल ना हा?"

वाढेल की, वजन छान आहे, असं अगदी जिभेवर आलं होतं. मुलांचा डॉक्टर दुसरं काय बोलणार? मग तिचं 'मी नसले तरी' एकदम डोक्यात शिरलं. "तू कुठे जाणार आहेस?" मी विचारलं, आणि ती रडायला लागली.

मी बाईंना फोन लावला. "तिला एकटं सोडू नका, मी निघाले," म्हणाल्या आणि रिक्षाने थेट आल्या. तिच्याशी बोलल्या, नवऱ्याला बोलावून घेतलं, सासूला समजावलं, उपचार सुरू केले. निघताना माझं कौतुक करतील असं वाटलं होतं. "आजवर न विचारता परत पाठवलेल्यांचं काय झालं असेल हो?" एवढंच बोलल्या.

बाई गेल्या वर्षी वारल्या. मला त्यांचा अजून राग येतो, आणि आठवण त्याहून जास्त येते.

परवा ती दिवा गावची आई आली होती. मुलगा आता बालवाडीत जातो. आल्या आल्या तो टेबलाखाली शिरला. "बाहेर ये म्हटलं ना. डॉक्टर, सकाळपासून एक घास खाल्लेला नाहीये याने, वैताग आणलाय नुसता," ती तावातावाने सांगत सुटली. मी पेन बाजूला ठेवलं आणि तिची सगळी तक्रार सावकाश ऐकून घेतली.