सुनंदाने भट्टीवरून आणलेली वीट

गेल्या सोमवारी मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्यात आमच्या वाचनालयाच्या मीटिंगमध्ये मी चक्क भांडले. आता रागावणारे रागावोत...

मी तिथे ग्रंथपाल आहे, जव्हारहून रोज जीपने जाते. एक खोली, तीन कपाटं आणि त्यातल्या एका कपाटात फक्त डायनोसॉर, जीवाश्म, हिमयुगातले हत्ती असली पुस्तकं. ती जमवायला मला सहा वर्षं लागली, त्यामुळे त्या कपाटाबद्दल मी हट्टी आहे हे कबूल.

अध्यक्षांचं म्हणणं, हे कपाट रिकामं करू आणि भरतीच्या परीक्षांची गाइडं लावू. "मॅडम, जव्हार-मोखाड्यात सापडलाय का एक तरी डायनोसॉर? इथल्या माणसाला त्याचा उपयोग काय?"

नाही सापडला. आपले डोंगर लाव्हाचे, त्यात हाडं कुठून टिकणार... पण चंद्रही मोखाड्यात सापडत नाही, म्हणून त्याची पुस्तकं रद्दीत घालायची का? हे मी तोंडावर बोलले. गाइडं मलाही हवीत, माझं टेबल काढा आणि तिथे रॅक लावा, असंही म्हटलं.

मग त्यांनी रजिस्टर उघडलं. दिवाळीनंतर लोक वीटभट्ट्यांवर कामाला निघतात, त्याआधी प्रत्येकाने पुस्तक जमा करायचं हा आमचा नियम. एक पुस्तक मात्र तेव्हापासून बाहेर होतं... डायनोसॉरच्या पावलांच्या ठशांवरचं, सुनंदाच्या नावावर.

सुनंदा म्हणजे सातवीत शाळा सुटलेली, दोन मुलांची आई, दरवर्षी नवऱ्याबरोबर भिवंडीकडे विटा पाडायला जाणारी. अर्धंच वाचून झालंय म्हणाली आणि मी नियम मोडून तिला पुस्तक नेऊ दिलं. "गेलं ते चुलीत," एक सभासद म्हणाले आणि सगळे हसले.

ते हसणं मला फार लागलं. रागाच्या भरात बोलून गेले की महिनाअखेरपर्यंत पुस्तक आलं नाही तर कपाट मी स्वतः रिकामं करीन. घरी आल्यावर मात्र विचार करत बसले... भट्टीवरची झोपडी, विटांचा चिखल, धूळ, त्यात पुस्तक किती टिकणार?

परवा सुनंदा आली. सिमेंटच्या गोणीच्या कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक तिने टेबलावर ठेवलं आणि पिशवीतून एक वीट काढली. सात महिने विटा पाडून कोणी घरी वीट घेऊन येतं का? विटेवर कोंबडीचं पाऊल उमटलेलं, तीन बोटांचं, अगदी स्पष्ट.

मी तिला, पुस्तकाला आणि विटेला घेऊन अध्यक्षांच्या दुकानात गेले. काउंटरवर वीट ठेवली आणि तिलाच म्हटलं, सांग.

"ओल्या विटंवरून कोंबडी गेली. शेठ बोलला फेकून दे, मी नाय फेकली," ती म्हणाली. "पुस्तकात त्या मोठ्या जनावराचा पाय असाच हाय, तीन बोटांचा. चिखलात पडला, सुकला, वर माती बसली, मग त्याचा दगड झाला. आमचा भट्टीत भाजला, त्याचा जमिनीत झाला, एवढाच फरक."

अध्यक्षांनी वीट उलटसुलट करून पाहिली. मग हळूच विचारलं, ते चित्र कुठल्या पानावर आहे? सुनंदाने पुस्तक उघडलं ते थेट त्याच पानावर.

कपाट जागेवर आहे. माझं टेबल गेलं, तिथे गाइडांचा रॅक आलाय आणि मी खिडकीशी स्टुलावर बसते... मजेत बसते.

इथल्या माणसाला उपयोग काय, हे यापुढे मला कोणी विचारू नये. वीट कपाटावर ठेवली आहे, तिला येऊन विचारा.

आणि सुनंदा, तुझे आभार कसे मानू कळत नाही. या दिवाळीनंतर तू कुठलं पुस्तक नेणार तेवढं सांगून ठेव... नियम मी पुन्हा मोडणार आहे.