मामींनी कुलपात ठेवलेला करंज

माझ्या मामींचा कुणावरच विश्वास नव्हता. मामा होते तोवर त्या मामांवर संशय घेत. ते गेल्यावर तो वारसाहक्काने त्यांच्या धाकट्या भावाकडे आला.

दीर-भावजय मिळून पत्र्याच्या शेडमध्ये करंजाच्या बियांपासून डिझेल करत. रस्त्याकडेच्या त्या झाडाच्या कडू बियांना गुरंही तोंड लावत नाहीत. घाण्यातून तेल काढायचं काम मामींचं. ते तापवून, कॉस्टिक सोडा आणि मिथेनॉल घालून ढवळायचं काम धाकट्या मामांचं.

या खेपेला लाकूड गिरणीवाला त्यांचं डिझेल प्रथमच आपल्या जनरेटरला घालून बघणार होता. पसंत पडलं तर शेड तरणार होती. म्हणून मामींनी पोती आतल्या खोलीत रचली, खिडकीवर प्लास्टिक ठोकलं आणि दाराला कुलूप घातलं. लागेल तेव्हा दार फटीएवढं उघडून त्या पोतं ओढून घेत. करंजाचं तेल साबणालाही लागतं, आणि धाकटे मामा पूर्वी साबणवाल्याकडे कामाला होते, अजूनही तिकडे चहाला जात. मामींना तेवढं पुरे होतं.

खेप बिघडली. वर पिवळं डिझेल, खाली काळं ग्लिसरीन अशी फारकत व्हायची, त्याऐवजी पिंपभर चिकट खळ झाली.

"साबण!" मामी म्हणाल्या. "जुन्या मालकाच्या मिठाला जागलात, भावजी."

"वहिनी, मी माझ्याच पायावर धोंडा कशाला मारून घेऊ?"

"उद्यापासून येऊ नका."

"नाही येत. पण बिया एकदा दाखवा. मला नुसतं तेल मिळतं."

मामींनी दार सताड उघडलं. कोंदट वाफ अंगावर आली. धाकट्या मामांनी पोत्यात हात घातला. बिया गरम होत्या, बुरशीने पांढरट झालेल्या.

"आंबल्यात. असल्या तेलात कॉस्टिक पडलं की साबणच होणार. वारा लागायला हवा होता."

"करंज नेहमीच घाण वासाचा. मला काय कळणार? तुम्ही आधी बोलायचंत!"

"दार कुठं उघडं होतं?"

मामींनी दुसरं पोतं उघडायला लावलं, मग तिसरं. एखाद्यात तरी दिराची करणी सापडेल, अशी आशा असावी. सगळी सारखीच निघाली.

"निघू मग मी?"

"निघू काय! झाडांखाली अजून सडा पडलाय, तो मी एकटी वेचू? गिरणीवाल्याला थांबवते मी."

ते टोपली घेऊन निघाले. मामी मागोमाग गेल्या. बिया वेचायला वाकल्या, पण नजर त्यांच्या टोपलीवरच होती.