थांबाबाईंचा तिसरा थांबा

जुन्या सुरतेच्या गल्ल्यांमधून बायकांचा इतिहास दाखवत फिरवणाऱ्या आमच्या बाई चालायच्या कमी आणि थांबायच्या जास्त. पंधरा-वीस पावलं झाली की त्यांचा उजवा हात वर जायचा, तोंडातून एकच शब्द निघायचा, "थांबा," आणि मागचे तीस-चाळीस जण एकमेकांच्या टाचांवर आदळत उभे राहायचे. विद्यापीठातल्या मुलींनी त्यांचं नाव थांबाबाई ठेवलं. ते बाईंच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "बरं झालं. निदान काय करायचं ते तरी लक्षात राहील."

बाई मूळच्या अकोल्याच्या. यजमानांची बँकेची नोकरी म्हणून सुरतेत आल्या, कॉलेजात इतिहास शिकवत राहिल्या आणि एकोणीसशे नव्वदच्या सुमारास निवृत्त झाल्या. त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर मी लागले. जागेबरोबर बाईही मिळाल्या. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी त्यांची फेरी निघायची आणि माणसं मोजायला, रस्ता ओलांडून द्यायला मी. खरं सांगायचं तर मला त्या रविवारचा कंटाळा यायचा. घरी आठवड्याचं धुणं, तपासायच्या पेपरांचे गठ्ठे, सासूबाईंचं पथ्याचं जेवण. आणि मी इथे उन्हात लोकांना डाव्या बाजूने चाला म्हणून सांगत उभी. बाई साठीच्या पुढच्या, पण दमल्याचं कधी बोलायच्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "चालण्यानं नाही गं दमत. तेच ते पुन्हा सांगायला लागतं ना, त्यानं दमते."

पहिला थांबा तापीच्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर, जिथे बायका पाण्याला यायच्या. दुसरा एका मुलींच्या शाळेच्या इमारतीसमोर, जिथे आता साड्यांचं गोडाऊन होतं. बाई सांगायच्या त्यातला प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या कागदावर होता, आणि तो कागद कुठे आहे तेही त्या सांगायच्या. तिसरा थांबा एका हिरव्या दाराच्या बंद घरापुढे. तिथे बाई एवढंच म्हणायच्या, "शाळेला इमारत नव्हती तेव्हा या घरातल्या बाईनं मुलींच्या वर्गाला आपला ओटा दिला. जुन्या दप्तरात एवढीच एक ओळ आहे. तिचं नाव नाही. बाकी मला काही माहीत नाही." आणि मग त्या पुरतं एक मिनिट गप्प उभ्या राहायच्या.

ते मिनिट फार लांब वाटायचं. लोक घड्याळ बघायचे, मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवायचा, पानाच्या गादीवरची माणसं आमच्याकडे टकमक बघायची. मी एकदा बाईंना म्हटलं, इथे काही तरी सांगा, नाहीतर हा थांबा गाळा. बाई म्हणाल्या, "तिचं कोणी तरी असेलच की. येईल कधी तरी, सांगेल. तोवर जागा रिकामी ठेवायला काय हरकत आहे?"

पुढे एका महिला मंडळानं फेरीची पुस्तिका छापायचं ठरवलं. प्रत्येक थांब्याला एक पान. मजकूर बाईंचा, प्रेसवरचे हेलपाटे माझे. तिसऱ्या पानावर बाईंनी ती एक ओळ दिली आणि खाली कोरं ठेवायला सांगितलं. प्रेसवाले काका मान हलवत म्हणाले, "बेन, पानुं खाली रहेशे तो भूल लागशे." कोरं पान ही चूकच वाटणार, हे मलाही पटलं. दुपारचे अडीच वाजले होते, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि पुन्हा एक फेरा घालायची ताकद नव्हती. मी तिथेच स्टुलावर बसून चार ओळी लिहिल्या. ती बालविधवा होती. दिराच्या मुलांची पुस्तकं चोरून वाचून अक्षरं शिकली. मुलींना पाट्या घेता याव्यात म्हणून तिनं हातातल्या पाटल्या मोडल्या. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते, हे सांगायला आता लाज वाटते.

बाईंनी पुस्तिका वाचली, चष्मा काढून पुसला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "छान लिहिलंयस," म्हणाल्या. "फक्त आता कोणी सांगायला येणार नाही."

त्यानंतरही बाई तिसऱ्या थांब्यावर गप्पच उभ्या राहायच्या. पण आता कोणी तरी मुलगी पुस्तिका उघडून त्या चार ओळी खणखणीत आवाजात वाचायची, आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या. पाटल्यांपाशी तर हमखास. वर्षभरात बाईंचे गुडघे गेले आणि फेरी माझ्याकडे आली. बाईंची शिस्त मला जमली नाही. मी त्या चार ओळी तोंडपाठ म्हणू लागले.

अशाच एका रविवारी, एप्रिलच्या उन्हात, मी पाटल्यांपर्यंत आले होते. मागून एक साठीच्या बाई पुढे आल्या. बारडोलीहून आल्या होत्या, भाचीनं पुस्तिका दाखवली म्हणून. गुजरातीत, अगदी संकोचून म्हणाल्या, की हे त्यांच्या आजीचं घर. पण आजी विधवा नव्हती, आजोबा तिच्यानंतर गेले. आजी फार भांडकुदळ. तिचा दीर रोज दोस्तांना जमवून ओट्यावर पत्ते कुटत बसायचा. त्याला उठवायला म्हणून आजीनं ओटा मुलींच्या वर्गाला देऊन टाकला. असं आम्ही घरात ऐकलं होतं, म्हणाल्या. मग हातातल्या पुस्तिकेकडे बघून स्वतःच मागे सरल्या. "पण छाप्युं छे, तो साचुं ज हशे." छापलंय म्हणजे खरंच असणार.

तेव्हाच म्हणायचं होतं, की तुमचंच खरं, हे मी बनवलं आहे. चाळीस माणसं घामाघूम होऊन माझ्याकडे बघत होती. पुढे तीन थांबे बाकी होते. मी म्हटलं, "हां, असेल," आणि पुढे निघाले. गल्लीच्या तोंडाशी मागे वळून पाहिलं तर त्या दिसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. पत्त्यांचं ऐकून बाई इतक्या हसल्या की खोकला लागला. "दिराला उठवायला," पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी उशाशी ठेवलेली वही ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "नाव काय तिच्या आजीचं?"

मी विचारलं नव्हतं.

"आणि या बारडोलीच्या बाईंचं?"

तेही नाही. बाईंनी टोपण हळूच परत लावलं. "इतक्या जवळ येऊन गेली म्हणजे," एवढंच म्हणाल्या, आणि मला चहा ठेवायला सांगितलं.

त्याच उन्हाळ्यात मुलगा त्यांना अकोल्याला घेऊन गेला. तिथून त्या परत आल्या नाहीत. मी दोनदा बारडोलीला जाऊन आले. स्टँडवर उतरले, उसाच्या ट्रकांच्या धुळीतून बाजारापर्यंत चालत गेले, एका दुकानाच्या पायरीवर बसून पाणी प्यायले. दुकानदारानं विचारलं, बेन, कोणाकडे जायचंय. मला सांगता आलं नाही.