छपरावरच्या गाळातली उल्का

भिवंडी तालुक्यात रोज न चुकता दक्षिण ध्रुवाची आठवण काढणारा माणूस एकच असेल, आणि तो आमच्याच घरात राहतो. हे माझे चुलत सासरे. काकांनी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर लोक नातवंडांची चौकशी करतात तशी ते अंटार्क्टिकाच्या बर्फावर सापडणाऱ्या उल्कांची करू लागले. कुठल्या दगडात निकेल किती, कुठल्यात कार्बन, कुठला चंद्रावरून उडून आलेला, सगळं तोंडपाठ. मी भात वाढत असले की ते सांगत, "सूनबाई, सूर्यात लोह, मॅग्नेशियम, सिलिकॉन ज्या प्रमाणात आहे, जवळजवळ त्याच प्रमाणात यातल्या काही दगडांत आहे. पृथ्वीने आपलं बरंचसं लोखंड वितळवून पोटात दडवलं. या दगडांनी काहीच दडवलं नाही." मग उल्का काय फक्त ध्रुवावरच पडतात, असं मी एकदा विचारलं. "पडतात सगळीकडे. टिकतात तिथे. कोरडी थंडी असते, आणि बर्फावर काळा दगड लांबून दिसतो. आपल्या पावसात लोखंडाचं काय होतं, ते खिडकीच्या गजांकडे बघ." मी पाहिलं. गज खरोखरच वाईट अवस्थेत होते.

लग्न होऊन आले त्याच आठवड्यात माझी त्यांच्या निकेलच्या चाचणीशी ओळख झाली. धातूवर आम्लाचा थेंब टाकायचा, तो एका द्रावणात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपायचा, बोळा गुलाबी झाला की निकेल आहे. उल्केच्या लोखंडात निकेल असतंच, तेव्हा हात बसलेला बरा, म्हणून काकांनी माझ्या रुखवतातली सगळी स्टीलची भांडी तपासून काढली. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या तर ओळीने डब्यांवर डाग. "भावजी, नव्या नवरीची भांरी हायत ती," त्या म्हणाल्या. काकांनी बोळा उजेडात धरला. "वहिनी, एकही खोटं निघालं नाही. व्याही प्रामाणिक आहेत." हे कळल्यावर माझे वडील इतके खूश झाले की पुढच्या खेपेला आणखी एक पातेलं घेऊन आले.

जवळच्या दिघाशी गावात आकाशातून पडलेला दगड आहे, असं कुणीतरी सांगितलं तेव्हा काका मला घेऊन गेले. झाडाखाली शेंदूर लावलेला काळा दगड, आणि भोवती जमलेली माणसं. काकांनी लोहचुंबक लावलं, फुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं, भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हा इथलाच कातळ आहे. आकाशातला नाही." तिथे रोज दिवा लावणाऱ्या म्हातारीने विचारलं, "पन देव हाय ना?" काका म्हणाले, "ते तपासायचं साधन माझ्याजवळ नाही," आणि त्यांनी हात जोडले. म्हातारीचं समाधान झालं. परतताना आम्हाला नारळ मिळाला.

पण काकांचा खरा हट्ट कळला तो पुढे. ध्रुवावरचा बर्फ वितळवला की धुळीच्या कणाएवढ्या गोल उल्का सापडतात, तशाच त्या मोठ्या छपरांवरही पडत असतात, असं त्यांच्या वाचनात आलं. आमच्या पूर्णा गावात छपरांची काय कमी? शेतं जाऊन गोदामं झाली आहेत. त्यातल्या एका मोठ्या गोदामाच्या फाटकाशी काका इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले. "बाबूजी, ऊपर जाना मना है," वॉचमन म्हणाला. "ठीक है, कल आता हूँ," काका म्हणाले, आणि खरंच गेले. पुढे वॉचमन त्यांच्यासाठी खुर्ची काढून ठेवू लागला, मग चहा सांगू लागला, आणि शेवटी त्यानेच मॅनेजरला गळ घातली. मॅनेजर म्हणाला, उंचीवर जाणाऱ्याने सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं पाहिजे. सत्तरी ओलांडलेले काका हेल्मेट घालून हमालांच्या रांगेत बसले आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं देऊन आले. त्यानंतर मॅनेजरने खाली मान घालून सांगितलं, "सर, माफ करा. साठीच्या पुढच्या माणसाला वर पाठवता येत नाही. नियम आहे."

त्या दिवशी काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, तुला उंचीची भीती वाटते?"

"वाटते."

"प्रशिक्षण फार चांगलं देतात."

पावसाळ्याआधी पन्हळी साफ करणाऱ्या माणसांबरोबर, कमरेला पट्टा बांधून, मी वर गेले. खालून काकांचा फोन आला. "काय दिसतं?" मी म्हटलं, पांढरे पत्रे, नजर जाईल तिथपर्यंत. "बर्फ असाच असतो," ते म्हणाले. त्यांनी बर्फ पाहिला होता तो फक्त मासळीबाजारात. "आता कोपऱ्यातला गाळ घे. मधला नको."

तो गाळ धुण्यात, वाळवण्यात, चुंबकाने निवडण्यात पावसाळा गेला. सूक्ष्मदर्शकाखाली गोळ्या दिसत पुष्कळ, पण त्या वेल्डिंगच्या ठिणग्यांच्या, आणि भिवंडीत वेल्डिंगला खंड नाही. काकांच्या डोळ्यांना बारीक दिसेनासं झालं होतं, म्हणून बघायची मी आणि ठरवायचं त्यांनी. "गुळगुळीत चकाकते? टाकून दे. रेघा आहेत? ठेव." मी कंटाळून उठायचे. ते उठत नसत. निवडलेल्या गोळ्या त्यांनी मुंबईतल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे पाठवल्या.

तिचा फोन दिवाळीनंतर आला. "सर, बाकीच्यांत लोह आणि मँगनीज आहे. त्या वेल्डिंगच्याच. एकीत मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह आणि थोडं निकेल आहे. ध्रुवावरच्या बर्फात सापडतात, अगदी तशी." काकांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं, सावकाश. मग चष्मा काढून पुसत राहिले.

"सर, नोंदीत सापडल्याची जागा काय लिहू? गोदामाचा नंबर सांगता?"

"थोरलं खाचर लिही."

"ते कुठे आलं, सर?"

"त्या गोदामाखाली," काका म्हणाले. "आमची भातशेती होती. तू लिही."

सासूबाई पलीकडे तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात सुपातच राहिला. या घरात आल्यावर पहिली लावणी त्यांनी त्याच खाचरात केली होती. मग सूप बाजूला सारून त्यांनी विचारलं, "भावजी, च्या ठेवू?"