सालईचा डिंक आणि गाळलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. एका म्हातारीच्या जबाबातलं एक वाक्य मी मुद्दाम गाळलं होतं.

मी फौजदार असताना येडशीजवळच्या गावातून खबर आली. एका तरुणाच्या आतड्याला सूज, जखमा. शौचातून रक्त जायचं. गावात झाडपाल्याचं औषध देणाऱ्या म्हातारीनं डिंक देऊन दवाखान्याच्या गोळ्या बंद करायला लावल्या, आता तो अत्यवस्थ आहे, असं त्याचा भाऊ सांगत होता. म्हातारीला ठाण्यात आणलं, डिंकाची पिशवी पंचांसमक्ष जप्त केली.

"आजी, यात कसल्या तरी इंग्रजी गोळ्यांची भुकटी कालवलीय ना?"

"न्हाय ओ सायेब. बांधावरच्या सालईचा चीक हाय. झाडाला खाच दिली की पाझरतो, वाळतो."

"यानं पोट बरं होतं?"

"कुणाचं व्हतं, कुणाचं न्हाय. म्या त्याला बजावलं व्हतं, दवाखान्याची गोळी सोडू नगंस. तुमी बी पोट दाखवा एकदा, लई चिडता."

हवालदार हसला. मी भडकलो. गोळीचं ते वाक्य मी लिहिलंच नाही. ते लिहिलं असतं तर गुन्हाच उभा राहिला नसता. खाली नेहमीची ओळ घातली: 'जबाब वाचून दाखविला, बरोबर आहे.' वाचून दाखवला नव्हता. म्हातारी दोन दिवस कोठडीत राहिली.

तिसऱ्या दिवशी तरुण शुद्धीवर आला. म्हणाला, "आजी नगं म्हणत व्हती. गोळ्या म्याच सोडल्या, बरं वाटाय लागलं म्हणून." पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला: निव्वळ डिंक, भेसळ नाही.

त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मी डिंकाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "सूज भडकवणारं एक रसायन शरीरातच तयार होतं. या डिंकातली आम्लं त्याची वाट अडवतात, असं प्रयोगशाळेत दिसलंय. काही रुग्णांना फरकही पडलाय. पण पुरावा अजून तोकडा आहे, म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत."

मी ठाण्यात परतलो. मुद्देमालातला एक खडा उजेडात धरला. मधासारखा पिवळा, आरपार. खडकाळ बांधावरचं एक झाड, आणि माणसाच्या आतड्यातली आग ओळखणारं काहीतरी त्याच्या सालीत! अंगावर काटा आला. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला त्याचा गुणही ठाऊक होता, मर्यादाही.

ती सुटली. पण 'पोलिसांनी धरलेली' हा शिक्का बसला आणि तिनं डिंक काढणं सोडलं. तेव्हापासून समोरच्याचं जे बोलणं मला अडचणीचं वाटे, ते मी आधी लिहून घेत असे.

ती आता जळकोटला लेकीकडे असते. तिच्यासमोर उभं राहून माफी मागायची आहे. अजून मागितलेली नाही.