भुणभुण

वहिनींचं सगळं पोट कानांवर चालायचं. दवाखान्यातले डॉक्टर रुग्णांची माहिती रेकॉर्ड करून पाठवत आणि वहिनी घरी कॉम्प्युटरपाशी बसून ती ऐकत ऐकत टाइप करत. अकरा वर्षांत एकही मजकूर चुकून परत आला नव्हता.

त्या सोमवारी स्पीकरमधून भुणभुण सुरू झाली. आधी त्यांनी मोबाइल दूर ठेवला. मधूनमधून येणारी टर्रटर्र थांबली. मग स्पीकरची पिन काढून, पुसून पुन्हा घट्ट बसवली. खरखर गेली. भुणभुण मात्र राहिली. आवाज अगदी बारीक केला तरी ती आपली तशीच, एकसुरी.

वहिनींच्या वडिलांना असंच झालं होतं. “कानात भुंगा शिरलाय गं,” असं म्हणता म्हणता दोन वर्षांत त्यांना दारावरची थापसुद्धा ऐकू येईनाशी झाली. भुणभुण स्पीकरमध्ये आहे की आपल्याच कानात? कुणाला विचारायचा त्यांना धीर होईना. “मला नाही बाई ऐकू येत,” असं समोरचा म्हणाला तर?

मंगळवारी त्यांनी ‘पंधरा’च्या जागी ‘पन्नास’ टाइप केलं. औषधाचं प्रमाण होतं ते! दवाखान्यातून फोन आला, “बरं झालं आम्ही तपासलं.” त्या दिवशी वहिनींनी प्रत्येक मजकूर तीन-तीनदा ऐकला. त्यातच कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला हात लागला की बोटांना मुंग्या यायच्या. आता नसाही गेल्या, असं त्यांनी मनाशी धरलं.

बुधवारी सकाळी नणंद आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, “वहिनी, हा भुंगा कशाला लावून ठेवलायस?”

“तुला ऐकू येतंय?”

“न यायला काय झालं? जिन्यापर्यंत येतंय!”

वहिनींना रडू फुटलं आणि हसूही. सगळं ऐकल्यावर नणंदेने कपाळावर हात मारला आणि ओळखीच्या वायरमनला फोन लावून तो वहिनींच्या हातात दिला. भुणभुणीचं ऐकून त्याने शांतपणे विचारलं, “ताई, कॉम्प्युटरला हात लावला की मुंग्या येतात का?”

“येतात.”

पलीकडे त्याचा आवाजच बदलला. “अर्थिंग तुटलंय, करंट जमिनीत उतरवणारी तार. दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रातून करंट गळतोय आणि तुमच्या पत्र्यात येतोय; भुणभुण त्याचीच. घरात गिझर चालू आहे का?”

गिझर लावून सासूबाई नुकत्याच न्हाणीघरात आंघोळीला गेल्या होत्या.

वहिनींच्या हातून फोन पडला. “आई, नळाला हात लावू नका!” असं ओरडत त्या दाराजवळच्या मीटरकडे धावल्या. मेन स्विच एका झटक्यात खाली ओढला. पंखे थांबले. आतून काही आवाज येईना. नणंद दार बडवत होती. वहिनींना वाटलं, संपलं सगळं.

“अगं, दिवा कुणी घालवला? डोळ्यांत साबण गेलाय माझ्या!” सासूबाई आतून कडाडल्या.

अंगाला टॉवेल गुंडाळून त्या बाहेर आल्या, तशा दोघी त्यांना बिलगल्या. काय झालं ते कळल्यावर सासूबाईंचा चेहरा उतरला. हळूच म्हणाल्या, “दोन दिवस नळाला हात लागला की झिणझिण व्हायचं. मला वाटलं, संधिवात. आधीच तू घाबरलेली दिसत होतीस, म्हणून बोलले नाही.”

तासाभरात वायरमन आला. त्याने गिझर सोडवून बाजूला ठेवला. आतली कॉइल फुटली होती. मग अर्थिंगची तार शोधत तो जिन्याने खाली उतरला. तळमजल्यावर नव्या फरश्या बसवताना कुणीतरी ती कापून टाकली होती. म्हणजे इमारतीतल्या आठही घरांचं अर्थिंग गेलं होतं.

“सगळ्यांना सांगायला हवं,” वायरमन म्हणाला.

वहिनींनी पायांत चपला सरकवल्या, खालच्या मजल्यावर जाऊन पहिल्या दाराची बेल दाबली आणि दार उघडायच्या आतच मोठ्याने सांगायला सुरुवात केली.